मी पाखरीला यवतमाळला नेलं

मित्रांनो, माझं झाकण उघडताना काही माणसं आजही नाक मागे घेतात. खरं तर वास कसलाच येत नाही. मला साबणाने घासलं आहे, औषधाच्या पाण्याने धुतलं आहे, दिवस दिवस उन्हात उताणं ठेवलं आहे. तरी माझ्या आत वाकून पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. ज्या घरातून नुकतंच कुणी गेलेलं असतं, त्या घरात शिरताना येतो ना, तसा.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यातला एक म्हातारा आइसबॉक्स. रंग निळा होता, आता राखेसारखा झाला आहे. एका बाजूची कडी तुटली, तिच्या जागी सुतळी आहे. बोरी अरबच्या आसपासच्या खेड्यांचे रस्ते मला पाठ आहेत, आणि तुम्हाला जे सांगणार आहे ते त्याच रस्त्यांवर घडलं.

जन्माचं फारसं आठवत नाही. गरम प्लॅस्टिकचा अंधार होता, मग माझ्या दोन भिंतींच्या मधे फेस भरला आणि बाहेरचं ऊन मला कायमचं परकं झालं. बाहेर वैशाख पेटलेला असो, माझ्या पोटात हिवाळा. पहिली बरीच वर्षं मी लशी वाहिल्या. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्पाची, फऱ्याची लस घेऊन मोटारसायकलच्या मागे बांधलेला मी गावोगाव फिरायचो. लम्पीच्या साथीत तर माणसं गाई-बैल धरून माझी वाट पाहत पारावर बसलेली असायची. "आली रे लस!" असं कुणी ओरडलं की मला वाटायचं, मलाच हाक मारली. धुरपताबाई नावाच्या एका आजीने माझ्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं होतं.

मग नवे डबे आले, हलके, चकचकीत. मी कपाटावर गेलो. माझ्यात पालीने अंडी घातली, कुणी गंजलेल्या सुया टाकल्या. डॉ. अनघा दवाखान्यात नव्याने रुजू झाल्या तेव्हा त्यांनी मला खाली काढलं, स्वतः धुतलं आणि म्हणाल्या, "लशीला नवे डबे राहू देत. हा नमुन्यांना ठेवू." मला फार आनंद झाला. नमुने म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

जनावर कशाने गेलं हे ते बिचारं सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या यकृताचा तुकडा, पोटातला चारा, रक्त असं थोडं थोडं बरण्यांत भरून यवतमाळच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथली माणसं त्या तुकड्यांना विचारतात, तुला काय झालं? तुकडा वाटेत नासला तर उत्तर कायमचं गेलं. तो नासू नये म्हणून मी. तेव्हापासून माझ्यात जे जे ठेवलं गेलं, ते आधी कुणाच्या तरी गोठ्यात हंबरत होतं.

पोळा नुकताच होऊन गेला होता. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून उतरला नव्हता. सकाळीच मारोतरावांचा फोन आला आणि डॉक्टरबाई मला घेऊन त्यांच्या गावी निघाल्या. मारोतराव आणि विमलताई म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारं कष्टाळू जोडपं. शेत मारोतरावांचं, गोठा विमलताईंचा. आजूबाजूच्या घरांना पुरेल इतकं दूध त्या गोठ्यातून निघायचं.

अंगणात एक वासरू गोल फिरत होतं.

खेळत नव्हतं, मित्रांनो. मान एका बाजूला ओढलेली, दात करकर वाजत होते, एक कान सारखा फडकत होता, आणि ते गोल, गोल चाललं होतं. ओल्या मातीत खुरांनी रिंगण कोरलं होतं. मधे बादली आली. ते बादलीला धडकलं, पडलं, उठलं आणि पुन्हा त्याच रिंगणाला लागलं. डोळे टक्क उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं.

"कवडी बी अशीच फिरली," विमलताई म्हणाल्या. त्यांचा आवाज घासल्यासारखा येत होता. "फिरत फिरतच गेली. आता ही पाखरी. अन् तो पाहा झुंबर, तिसरं वासरू, त्यानं आजपासून खानं सोडलं."

कुंपणाबाहेर गाव जमलं होतं, पण आत कुणी येईना. पाखरी फिरत फिरत कुंपणाजवळ आली की माणसं मागे सरायची. शेजारचा रामसिंग दबक्या आवाजात म्हणाला, "मारोतभाऊ, गोठ्यात काहीतरी शिरलं हाय. जनावराच्या मांगं लागलं का थे असंच फिरवते." पहिल्या वासराला, कवडीला, मारोतरावांनी लिंबं-मिरच्या टाकून घाईघाईने पुरलं होतं.

डॉक्टरबाईंनी पाखरीला तपासलं. ताप नव्हता. पापणी खाली ओढून पाहिली, तर आत हळद लावल्यासारखा पिवळेपणा. त्यांनी सुई दिली, सलाईन लावलं, आणि मग त्या गव्हाणीपाशी जाऊन उकिडव्या बसल्या. गव्हाणीच्या कोपऱ्यात सरकीच्या ढेपेचे, म्हणजे पेंडीचे, काही खडे उरले होते. त्यांनी एक खडा उचलून मोडला, उन्हात धरला. मोडलेल्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे होते.

"ताई, ही ढेप कुठली?"

"देवीलालभाऊच्या दुकानातली. पोळ्याच्या आंधी आनली." विमलताई जरा दुखावल्यासारख्या झाल्या. "चांगली हाय मॅडम. वासरायले तर मी बारीक करून, भिजवून, हातानं चारली. आपल्या हातानं."

दुपारी पाखरी रिंगणातच आडवी झाली. पाय थोडा वेळ हवेत चालत राहिले. मग तेही थांबले.

डॉक्टरबाईंनी हलकेच विचारलं, "हिचं शवविच्छेदन करू द्याल का?"

"कापाकापी कायले?" मारोतराव एकदम म्हणाले. "मेल्यावर तरी सुखानं जाऊ द्या तिले."

"मारोतराव, मला शंका आली आहे. पण नुसत्या शंकेवर मी कुणाला काही सांगू शकत नाही. हिला असंच पुरलं तर झुंबरला कसं वाचवायचं ते कळणार नाही. आणि हीच ढेप गावात अजून किती गोठ्यांत गेली असेल?"

विमलताईंनी पदराने पाखरीच्या डोळ्यांवरची माती पुसली. मिटत नव्हते ते डोळे. मग नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "कवडीले न इचारता पुरलं आपन. हिले इचारू द्या त्यायले."

डॉक्टरबाईंचं काम होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. पाखरीचं यकृत माझ्यात आलं तेव्हा मी पाहिलं, ते लालभडक नव्हतं. जुन्या चिखलासारखं फिकट पिवळं होतं. पोटातला चारा दुसऱ्या बरणीत आला. गोठ्यातल्या गाईच्या दुधाची एक बाटलीही आली. ढेप तेवढी कापडी पिशवीत वेगळी बांधली. माझ्या ओलीत तिची बुरशी आणखी वाढली असती. चहूबाजूंनी बर्फ रचला आणि झाकण बंद झालं.

डॉक्टरबाईंना झुंबरला सोडून जाता येईना, आणि गावातले बाकीचे गोठेही लगोलग पाहायचे होते. दवाखान्यातला परिचर रजेवर होता.

"मी नेतो," विमलताई म्हणाल्या. आमच्याकडे बायाही असंच म्हणतात. "माही पाखरी हाय. मीच नेतो."

मारोतराव त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी आली तेव्हा त्यांनी मला वर चढवून दिलं आणि हात सोडताना झाकणावर क्षणभर पंजा ठेवला.

विमलताई खिडकीशी बसल्या, मी त्यांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "ताई, डबा खाली ठेवा नं, मांडी दुखन." त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. पुढच्या बाकावर आईच्या कुशीतलं एक पोर मागे वळून माझ्याकडे पाहत होतं. "कुल्फी हाय का?" त्याने विचारलं. बसमधले दोघे-तिघे हसले. विमलताई म्हणाल्या, "नाही रे राजा," आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

लाडखेड मागे पडलं. रस्त्याला वळणं होती, खड्डे होते. माझ्यातला बर्फ थोडा सुटून पाणी झालं होतं आणि त्या पाण्यात यकृताची बरणी हलायला लागली. आधी नुसती डुलली. मग गोल फिरू लागली. माझ्या भिंतीला घासत, गोल, गोल. टक, टक, टक. मला तो आवाज ओळखीचा वाटला आणि माझ्या आतला सगळा गारठा एका जागी गोळा झाला.

विमलताईंना तो आवाज मांडीवर जाणवला असावा. त्यांनी दोन्ही हात माझ्या झाकणावर दाबून धरले आणि शेजारणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "थांब वो माय. आता थांब."

यवतमाळ येईपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.

प्रयोगशाळेत नीळकंठ सर आणि त्यांच्या हाताखालच्या मिताली मॅडम होत्या. डॉक्टरबाईंचा फोन आधीच गेला होता. नीळकंठ सरांनी माझं झाकण उघडलं, बर्फाला हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "फार व्यवस्थित आणलंत ताई. बसा, पाणी घ्या." विमलताई बाकावर टेकल्या. पाण्याचा पेला तसाच हातात राहिला.

मिताली मॅडमनी ढेप कुटून एका ताटलीत पसरली आणि आतल्या छोट्या खोलीत नेली. त्या खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे होते. विमलताई दारात उभ्या राहिल्या. "मले पाहू द्याल का?" नीळकंठ सर जरा थांबले, मग बाजूला झाले. मी तिथल्याच टेबलावर होतो, म्हणून मीही पाहिलं.

दिवा लागला तो जांभळा. त्याने उजेड असा पडतच नाही, माणसांचे दात आणि नखं तेवढी पांढरी दिसतात. आणि त्या अंधारात ताटलीतली ढेप चमकू लागली. सगळी नाही. इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, हिरवट पिवळा. अमावास्येला शेताच्या बांधावरून कुणीतरी आपल्याकडे पाहत असावं, तसे ते ठिपके आमच्याकडे पाहत होते.

"हे काय हाय?" विमलताईंनी विचारलं.

"हा प्रकाश म्हणजे विष नव्हे ताई, बुरशीची खूण आहे," मिताली मॅडम म्हणाल्या. "ओली झालेली सरकी, शेंगदाणा, मका यांवर ती वाढते. त्यातली एक जात विष सोडते. ते आहे का, किती आहे, हे पुढच्या तपासणीत पक्कं कळेल. पण तोवर ही ढेप कुणालाच घालू नका. वाळवूनसुद्धा नको. वाळवलं, शिजवलं तरी हे विष जात नाही. लहान वासरांना ते आधी गाठतं."

"गोठ्यात काही शिरलं नाही म्हना की," विमलताई पुटपुटल्या. "मीच चारलं."

"तुम्हाला कसं दिसणार होतं? आम्हालाही दिव्याशिवाय दिसलं नसतं." नीळकंठ सरांनी माझ्यातली दुधाची बाटली उचलली. ती हातात धरूनच त्यांनी विचारलं, "ताई, या गाईनेही तीच ढेप खाल्ली ना? तिचं दूध कोण पितं?"

खोलीत दिव्याची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. मग विमलताईंच्या हातातला पेला कलला आणि पाणी फरशीवर सांडलं.

"खुशी," त्या म्हणाल्या. "देवीलालभाऊची नात. रोज दोन टाइम. मीच नेऊन देतो."

सरांनी समजावलं की ढेपेतलं विष गाईच्या पोटातून दुधात थोडं उतरतं. काही घोटांनी लेकरू लगेच आजारी पडत नाही, पण दिवसामागून दिवस गेलं तर आत साचत जातं. विमलताईंनी अर्धंच ऐकलं. त्यांनी फोन काढला होता.

"अवो, ऐका. देवीलालभाऊच्या घरी पळा. खुशीले आपलं दूध नका देऊ म्हना, बाकीच्या घरायले बी सांगा. आत्ताच्या आत्ता पळा. कायले म्हून नका इचारू, पळा तुमी!"

दुसऱ्या दिवशी मला बर्फाशिवाय, कोरडा करून घेऊन डॉक्टरबाई देवीलालच्या दुकानात गेल्या. विमलताई सोबत होत्या. देवीलाल हा मोठा हसतमुख माणूस, पण त्या सकाळी तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. गावात बातमी आधीच फिरली होती.

"म्या विष इकलं म्हन्ता?" तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "म्या सोता तोंडात टाकून पाह्यली थे ढेप. कडू नोयती. गावात मले तोंड दाखवाले जागा राह्यली नाही."

"हे विष तोंडाला कळत नाही देवीलालभाऊ. तुम्ही मुद्दाम विकलं असं कुणीच म्हणत नाही. मला प्रत्येक पोत्यातला नमुना घेऊ द्या."

"अन् खराब नसली तं? माया नावाचं काय?"

तेव्हा विमलताई पुढे झाल्या. "भाऊ, तुमच्या दुकानची ढेप माह्या गाईनं खाल्ली. माह्या गाईचं दूध तुमच्या खुशीनं पेलं. आता तुमी कोनाचं नाव वाचवता?"

आत पडद्यामागे खुशी पाटीवर काहीतरी गिरवत होती, खडूचा आवाज येत होता. देवीलाल वळला, गोदामाची किल्ली घेऊन आला आणि डॉक्टरबाईंच्या हातात दिली. "पोत्यायले डाग होते," तो म्हणाला. "ट्रकवरची ताडपत्री फाटेल होती. वाळलं म्हून म्या काही मनावर घेतलं नाही."

मग त्यानेच पोती एकेक करून रस्त्यावर ओढून काढली आणि चौकात उभा राहून ओरडला, "माह्या दुकानची ढेप कोनी चारू नका रे! ज्यायनं नेली थ्यायनं परत आना!" ओरडताना त्याचा आवाज फाटला. तो ट्रक आणखी कुठे कुठे गेला होता तेही त्यानेच सांगितलं.

पोत्यांचे नमुने घेऊन मी पुन्हा यवतमाळला गेलो. पक्की तपासणी झाली. काचेच्या पट्टीवर विष उमटलं. ढेपेतलं, पाखरीच्या पोटातलं आणि थोडंसं दुधातलंही. प्रयोगशाळेतून भराभर फोन गेले. उमरखेडला ती ढेप गोदामातच अडवली गेली, एकाही जनावराच्या तोंडी लागली नाही. केळापूरकडच्या एका गावी मात्र निरोप पोहोचला तेव्हा तिथली वासरं फिरून फिरून थांबली होती. त्यांचे तुकडेही वेगळ्या डब्यातून आले. मी त्याच टेबलावर धुऊन उपडा ठेवलेला होतो. तो डबा माझ्या शेजारीच टेकवला गेला.

त्यानंतर मी कितीतरी नमुने नेले, मित्रांनो. पण दवाखाना बंद झाला, माणसं घरी गेली, की रिकाम्या फरशीवर मला खुरांचा आवाज येतो. कुणी दिसत नाही. आवाज कपाटाच्या या टोकाकडून येतो, वळतो, परत येतो. पहिल्यांदा मला भीती वाटायची. आता मी तो ऐकत राहतो. कवडीचा आवाज त्यात वेगळा येतो असं मला वाटतं. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

झुंबर जगला. ढेप थांबली, औषध लागू पडलं, हळूहळू त्याने गवताला तोंड लावलं. गेलेली दृष्टी मात्र परत आली नाही. विमलताई पुढे चालतात आणि बोलत राहतात, काहीही, घरातलं, शेतातलं, आणि तो त्या आवाजामागे पाण्यापर्यंत जातो. त्या गप्प झाल्या की तो जागच्या जागी उभा राहतो. म्हणून त्या आता फारशा गप्प राहत नाहीत. ढेपेचं नवं पोतं आलं की मारोतराव ते अंगणात उलटं करतात, दोघं मिळून खडा खडा मोडून पाहतात. जरा शंका आली की मूठभर ढेप यवतमाळला जाते. रामसिंगने ओली झालेली मक्याची पोती स्वतःहून दवाखान्यात आणून दिली होती. आणताना कुणाकडे पाहिलं नाही, पण आणली.

थंडी पडली तेव्हा दूध स्वच्छ असल्याचा निरोप आला. त्या दिवशी झुंबरचं रक्त तपासायला घ्यायचं होतं, म्हणून मीही गोठ्यात होतो. देवीलाल खुशीचं बोट धरून आला. कुंपणापाशी थबकला आणि म्हणाला, "वहिनी, पोरगी दुसऱ्याचं दूध पेतच नाही."

विमलताईंनी दूध काढलं, चुलीवर तापवलं, पेल्यात ओतलं. पेला पुढे केला आणि हात तसाच राहिला. खुशीने दोन्ही हात पसरले होते. विमलताईंनी पेला मागे घेतला, स्वतःच्या तोंडाला लावला आणि एक मोठा घोट गिळला. मग पदराने काठ पुसून तो लेकराच्या हातात दिला. खुशी गटागट प्यायली. ओठांवर पांढरी मिशी उमटली. देवीलालने तोंड फिरवलं आणि उगाच गोठ्याच्या छपराकडे पाहू लागला.

मित्रांनो, गव्हाणीत जे पडतं ते शेवटी तुमच्या पेल्यात येतं. आपल्या हाताने चारताना एकदा उजेडात धरून पाहा. आणि एखादं जनावर तुमच्यादेखत वेगळंच वागून गेलं, तर भिऊन त्याला घाईघाईने मातीआड करू नका. डॉक्टरांना बोलवा, त्याला काय झालं ते विचारू द्या. यवतमाळपर्यंत त्याला मी सांभाळून नेईन.